वाशी शाखा, पी.पी.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

लँडलाइन काढून टाकण्याचा अर्ज लिहिला. रणधीरनं पुण्याहून तिसऱ्यांदा सांगितलं — "आई, त्याचं बिल भरतेस कशाला? त्यावर कोण फोन करतं आता?"

खरं आहे त्याचं. हे गेल्यापासून पाच वर्षांत त्या फोनवर दोनच प्रकारचे कॉल आले. एक रणधीरचा, मी मोबाइल उचलला नाही की. दुसरे, हे गेल्याचं ठाऊक नसलेल्यांचे — "वकीलसाहेब आहेत का?" हे वकील नव्हते. विक्रीकराची कामं करायचे, म्हणून वाशीनं वकील करून टाकलं. असे फोन पहिल्या वर्षी रोज यायचे. मग आठवड्याला. गेल्या दिवाळीपासून एकही नाही.

अर्ज खणात ठेवला. महिनाअखेरीला देईन.

११ डिसेंबर, बुधवार

लँडलाइन वाजली! धावत गेले.

"बँक का?"

"नाही."

"मग कोण?"

"मी," म्हटलं. ठेवून दिला त्यानं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज तीन. तिघांनाही बँक हवी होती. तिसऱ्यानं विचारलं, "सेक्टर सतराला आहात ना? स्टेशनच्या कुठल्या बाजूनं बाहेर पडू?" म्हटलं, बाबा, ती नवी मुंबईची वाशी. ही धाराशिव जिल्ह्यातली. इथं स्टेशन नाही, एसटी स्टँड आहे. तुम्हाला यायला रात्र लागेल. जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे लंच टाइमच्या आत नाही पोचत मी."

१३ डिसेंबर, शुक्रवार

उलगडलं.

दुपारी कस्तुराबाईंचा फॉर्म भरायला बसले. कस्तुराबाई सरमकुंडीच्या रस्त्याला खव्याची भट्टी चालवतात. त्यांचे हिशेब आधी हे लिहायचे, आता मी लिहिते. हैदराबादची एक मिठाईची कंपनी त्यांच्याकडून जानेवारीपासून रोज ऐंशी किलो खवा घेणार आहे. त्यासाठी कंपनीकडे नोंदणी व्हायला हवी. मुदत एकतीस डिसेंबर. कस्तुराबाईंनी दुसरी भट्टी बांधून घेतली. त्यांच्या शब्दावर चार बायकांनी यंदा ऊसतोडीला जायचं नाकारलं. मुकादमाला तोंडावर नाही म्हणाल्या. त्या चौघींतल्या दोघींची पोरं पहिल्यांदाच दिवाळीनंतरही शाळेत आहेत.

फॉर्ममध्ये बँकेचा कोड हवा. तो मी चेकच्या पानावरून घेतला. ह्यांची शिस्त — कोड चेकवरून घ्यायचा, रिझर्व्ह बँकेच्या यादीशी ताडायचा, आणि कोणी तोंडी सांगितला तर मान डोलवून विसरून जायचा. मी आजही तसंच करते.

पुढचा रकाना — शाखेचा दूरध्वनी. तोही पुरवठादारानं दिलेला नको, इंटरनेटवर सगळ्यांना दिसतो तोच. कंपनी स्वतः तिथं फोन लावून खात्याची खात्री करणार. नियम चांगला आहे. फसवणारे आपलाच नंबर बँकेचा म्हणून देतात.

बँकेच्या स्वतःच्या पानावर फोनच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हणून शाखांची माहिती देणाऱ्या चार साइट उघडल्या. एकीवर शाखा भूमला. एकीचा नकाशा खाडीपलीकडच्या वाशीचा. एकीवर वेळ "चोवीस तास". एकीवर पिनकोड भलताच. चौघींचं एकमत फक्त फोन नंबरवर.

नंबर आमचा. हा, घरातला, पितळी गणपतीशेजारचा.

१४ डिसेंबर, शनिवार

झोप नीट लागली नाही. पहाटे आठवलं.

सत्त्याऐंशी साली बँकेची शाखा उघडली ती आमच्या शेजारच्या घरात, भिंतीला भिंत. शाखेला फोन नव्हता. आमच्याकडं होता, नंबर सत्तेचाळीस. मॅनेजरांनी ह्यांना विचारलं आणि पाटीवर रंगवलं — "फोन ४७ पी.पी." हल्लीच्या पोरांना पी.पी. कळायचं नाही. तेव्हा अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिकांवर असायचं. फोन दुसऱ्याचा, बोलावणं आमचं — एवढाच त्याचा अर्थ.

सोलापूरहून बँकेचा फोन आला की मी लाटण्यानं भिंत ठोकायची. दोन ठोके मॅनेजरांसाठी, तीन कॅशियरसाठी. मॅनेजर कानाला पेन लावून चपला न घालताच यायचे. इतक्या जोरानं बोलायचे की फोनची गरज होती का, असं हे नंतर म्हणायचे. मुलगी झाल्याची बातमीही त्यांना इथंच मिळाली. मी शिरा केला होता. एका हातात रिसीव्हर, एका हातात बशी — त्यांना रडायलाही हात मोकळा नव्हता.

मग शाखा स्टँडच्या रस्त्याला गेली. सत्तेचाळीसच्या मागं आकडे लागत गेले, पहिले दोन, मग चार. आणि कुठंतरी कोणीतरी ते आकडे इमानानं वाढवत नेले! फक्त पी.पी. तेवढं गाळलं.

१६ डिसेंबर, सोमवार

शाखेत गेले. मॅनेजर चन्नबसप्पा, कलबुर्गीकडचे. पस्तिशीचे असतील. मला अम्मा म्हणतात.

"अम्मा, शाखेचा फोन मेलाय. गेल्या महिन्यात रस्ता खोदला तेव्हापासून. बँकेच्या पानावरूनही मागच्या आठवड्यात काढला."

"तक्रार केली का?"

"करायची तर त्याच फोनवरून करायची, असा नियम आहे."

म्हटलं, तुमचे फोन माझ्याकडं येतात. ते खुर्चीत मागं टेकले. "म्हणून होय! मला वाटलं वाशीची माणसं लई शांत. टेलिफोनवरून एकही तक्रार नाही म्हणून विभागीय कार्यालयानं मला सर्टिफिकेट दिलंय." मागं भिंतीवर होतं. फ्रेम केलेलं.

१७ डिसेंबर

पाच फोन. आता नाही म्हणायचा कंटाळा आला. एकाला सांगितलं, तुमचं चेकबुक जुनं आहे, नव्या पानावरचा कोड बघा. एका दुकानदाराला सांगितलं, खात्याच्या नावात "अँड सन्स" आहे, तुम्ही "सन्स" सोडताय, म्हणून पैसे परत येतात. अर्ध्या तासानं त्याचा उलट फोन — जमलं. "तुमच्यासारखी बाई प्रत्येक बँकेत पाहिजे."

रणधीरला यातलं काही सांगितलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

हैदराबादचा फोन आला. फॉर्म मी फोनचा रकाना कोरा ठेवून पाठवला होता, नंबर त्यांनी नेटवरून शोधला. कंपनीच्या हिशेबखात्यातले शिवशंकर. आवाज थकलेला, पण अदबीचा.

"मॅडम, बँक है ना?"

समोर कस्तुराबाईंची फाइल उघडी होती. खातं खरं, कोड खरा, बाई खरी. "हो" एवढंच म्हणायचं होतं. चार बायकांचा हिवाळा त्या "हो"वर होता.

आणि मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ल्युसिया दिसल्या. पांढरा झगा, बोटांना खडू. मी सातवीत शाईची दौत सांडली होती. त्या म्हणाल्या होत्या, आवाज कापला तरी चालेल, वाक्य सरळ हवं.

सरळ वाक्य बोलले. हा नंबर बँकेचा नाही. मी कस्तुराबाईंचे हिशेब लिहिते. हे माझं घर.

बराच वेळ नुसती टकटक ऐकू आली, टायपिंगची.

"तो बँक का नंबर सप्लायर के अकाउंटंट के घर में बजता है?"

"हो."

"और ये आप खुद बता रहे."

"हो."

"मॅडम, मेरे फॉर्म में इसके वास्ते एकच खाना है. 'धोखा'. 'सच बोले' करके खाना नहीं है."

त्यांना वाईट वाटलं असावं. फोन ठेवण्याआधी दोनदा सॉरी म्हणाले.

२० डिसेंबर, शुक्रवार

कस्तुराबाईंना बोलावून सांगितलं. त्या उंबऱ्यातच बसल्या, आत येईनात. हाताला धुराचा वास.

"वैनी, तुमी खरं बोललात त्ये बरंच केलं." मग थोड्या वेळानं — "पर जरा दमानं बोलला असता तर? एक तारखंनंतर?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

"मुकादमाची गाडी गेली बी," त्या म्हणाल्या. "आता त्यास्नी ऊसतोड बी न्हाय आन् भट्टी बी न्हाय. त्या मला काय बोलायच्या न्हाईत. त्येच वाईट हाय."

चहा घेतला नाही. पहिल्यांदाच.

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी शिवशंकरना फोन लावला. नंबर दुरुस्त झाला तर? म्हणाले, साहेबांना विचारतो, मुदतीच्या आत एकदा परत लावून बघायची परवानगी मागतो. वचन नाही दिलं.

चारांपैकी तीन साइट फोन नंबर त्या चौथीवरूनच उतरवून घेतात, असं त्यांच्याच तळटीपेत आहे. म्हणजे चौथी सुधारली की झालं. दुरुस्तीचा फॉर्म भरला. जिल्हा "धाराशिव" टाकला — यादीत नाही. "उस्मानाबाद" टाकला — "हा जिल्हा आता अस्तित्वात नाही." शेवटी "इतर" केलं. आम्ही इतर जिल्ह्यात राहतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

साइटवाल्यांचा फोन. लँडलाइनवरच. मुलीचा आवाज, गोड, पाठ केल्यासारखा.

"वाशी शाखेच्या क्रमांकात दुरुस्तीची विनंती आली आहे. आपण शाखा बोलता का?"

"नाही. म्हणून तर दुरुस्ती हवी."

"दुरुस्ती फक्त शाखाच करू शकते, मॅडम."

"मग शाखेला फोन करा ना."

"केलाय, मॅडम. तोच चालू आहे."

मी हसले. ती हसली नाही. मग तीही हसली, आणि आवाज एकदम घरचा झाला. म्हणाली, सव्वीस, सत्तावीस आणि तीस तारखेला पुन्हा फोन येईल. शाखेचा अधिकारी त्याच नंबरवर बोलला तरच पुढं जाईल. तीस तारखेला उचलला नाही तर विनंती रद्द.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. दरवर्षीसारखी एक मेणबत्ती लावली. हे असताना ते काडी ओढून द्यायचे आणि म्हणायचे, तुझ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांग.

कॉन्व्हेंटमध्ये आजच्या दिवशी आम्हाला केकचा चौकोनी तुकडा मिळायचा, कागदात गुंडाळून. मी तो घरी नेऊन आईला द्यायची. आई देवाला दाखवून मग खायची.

ज्योतीकडं बघता बघता सुचलं. शाखा माझ्याकडं येऊ शकते की. आधी यायचीच.

२६ डिसेंबर, गुरुवार

"मी शाखा सोडून कसा येऊ, अम्मा?"

"सत्त्याऐंशी साली यायचे."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. प्रामाणिक माणूस. पाऊण तास वाचलं. शेजारच्या घरी फोनवर बोलायला जाऊ नये, असं कुठंही लिहिलेलं नाही.

चार वाजता आले. शिक्का, रजिस्टर, डब्यात स्टँपपॅड. फोनसमोर बसले. फोन आला नाही. शाखेची वेळ संपल्यावर मला म्हणाले, "बंद करू का?" मी होय म्हटलं. कशाला ते दोघांनाही कळलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आजही चन्नबसप्पा येऊन बसले. दुपारी ते जेवायला गेले तेवढ्यात साइटचा फोन आला. मी म्हटलं, अधिकारी जेवायला गेलेत. मुलगी म्हणाली, "हे मात्र अगदी बँकेसारखं झालं."

आता उरली सोमवारची तीस तारीख. त्या दिवशी वेळ अमावस्या!

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्येला वाशीत माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जीची मिसळभाजी खायची, ताकातली आंबिल प्यायची, आणि संध्याकाळपर्यंत परतायचं नाही. बँकेला सुट्टी नसते, पण येतं कोण? चन्नबसप्पांनी शाखेत शिपाई ठेवला आणि दहालाच हजर झाले. आज इस्त्रीचा शर्ट. "आमच्याकडं पण येळ्ळ अमावास्या असते, अम्मा. मी लहानपणापासून कधी चुकवली नव्हती." मीही चुकवली नव्हती. दोघं फोनकडं तोंड करून बसलो.

साडेअकराला कस्तुराबाई आल्या, डोक्यावर पाटी. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबिलीचं मडकं. शेतातली पूजा उरकून चालत आल्या होत्या. "तुमी शेतात येत न्हाय, तर शेतच आणलं," म्हणाल्या. चन्नबसप्पांना बघून पदर सावरला. "साहेब, आज तरी बोलशाल न्हवं?"

"फोन आला तर बोलीन."

"आन् न्हाय आला तर?"

"तर जेवीन."

बाराला वाजला. साइटचा नव्हे, हैदराबादचा! शिवशंकर म्हणाले, साहेबांनी शेवटचा एक प्रयत्न मंजूर केला. मी रिसीव्हर पुढं केला. चन्नबसप्पांच्या बोटांना भज्जी. डाव्या हातानं धरला.

"वाशी शाखा."

खातं कोणाचं, कधी उघडलं, कोड काय. त्यांनी कस्तुराबाईंकडं बघितलं. "सांगा की, माझंच हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी रजिस्टरमधून एकेक वाचून दाखवलं. मग शिवशंकरनी तो प्रश्न विचारलाच. मला इथवर ऐकू आला. हा नंबर बँकेचा आहे की नाही?

चन्नबसप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. जे काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी बोलावं.

"नंबर मॅडम का है," ते म्हणाले. "लेकिन बँक अभी इधर बैठा है."

टकटक थांबली. कस्तुराबाईंनी आंबिलीचं मडकं दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

"सर, बँक खाना खा रहा है क्या?"

"हां. आंबिल है."

पुन्हा टकटक. त्यांच्या फॉर्मला आणखी एक खाना होता म्हणे — शाखाधिकारी स्वतः बोलले, होय की नाही. शिवशंकरनी होय केलं. माझा "धोखा" खोडता येत नव्हता, त्यापुढं शेरा लिहिला — "मॅडम पहले से सच बोल रहे थे." मला वाचून दाखवला.

कस्तुराबाईंनी माझ्या ताटात उंडा वाढला, मग अजून एक, मग अजून एक. ताटात जागा उरली नाही तरी वाढत होत्या.

तीनला पुन्हा घंटी. मी मागं भांडी घासत होते. कस्तुराबाईंनी उचलला. "व्हय, ब्यांकच हाय. हात धुतीया. थांबा."

साइटची मुलगी. चन्नबसप्पांना म्हणाली, योग्य नंबर द्या. आता योग्य कुठला? शाखेचा मेलेला. स्वतःचा मोबाइल द्यायला त्यांना मनाई. मग म्हणाले, "सध्या मी याच नंबरवर भेटतो."

३१ डिसेंबर

फोनचा अर्ज आज द्यायचा होता. दिला नाही. कस्तुराबाईंची गाडी मार्गी लागली की देईन.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

काल पहिला खवा गेला. ऐंशी किलो, केळीच्या पानांत. चौघींपैकी एकीनं माझ्यासाठी वाटीभर पाठवला. अजून कोमट होता.

संध्याकाळी साइट बघितली. जिल्हा धाराशिव — बरोबर. नकाशा — बरोबर. पिनकोड — बरोबर. फोन — आमचाच, आणि त्याच्यापुढं आता हिरवी खूण. "शाखेनं स्वतः पडताळलेला क्रमांक."

रणधीरला सगळं सांगितलं. तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, "बाबा असते तर?" मी म्हटलं, बाबांनी मला भिंत ठोकायला लावली असती.

८ जानेवारी, बुधवार

सात फोन. दोन नवी मुंबईचे.

१० जानेवारी, शुक्रवार

बँकेच्या दारावर नोटीस लागली. एक एप्रिलपासून वाशी शाखा बंद, खाती दुसऱ्या तालुक्याच्या शाखेत, सगळ्यांचे कोड बदलणार. कस्तुराबाईंचाही. हैदराबादला परत पहिल्यापासून. चन्नबसप्पांची बदली.

खाली छापलंय — "अधिक माहितीसाठी शाखेच्या दूरध्वनीवर संपर्क साधावा." पुढं आमचा नंबर.

"हेड ऑफिसनं नेटवरून घेतला, अम्मा. हिरवी खूण आहे म्हणाले."

पर्समधून पेन काढलं. नंबरापुढं पी.पी. लिहून आले.